पुण्यात घरच्या घरी चामड्याचं होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) करायचंय, चामडं कोणतं घेऊ?

पर्स-जॅकेटचं मऊ क्रोम चामडं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) अजिबात नको, ते आकार धरत नाही. बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला लागतं तसलं, तीनेक मिलिमीटर जाडीचं घ्या. बाकी सटरफटर सामान बोहरी आळीत बघा. रविवारी जुन्या बाजारात चांगली रापी (चामडं कापायची सुरी) हाती लागली तर नशीबच.

शिलाई हातानेच. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर. एखादा टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही.

खरी मजा पुढे. शिवलेलं होल्स्टर कोमट पाण्यात भिजवायचं (कढत नको, चामडं आक्रसतं), आत पिस्तुलाची प्लॅस्टिकची डमी घालायची आणि अंगठ्याने, चमच्याच्या दांड्याने कडा उठेपर्यंत दाबत बसायचं. खऱ्या पिस्तुलाची गरजच नाही. लोखंडी काही घालणार असाल तर आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, नाहीतर ओल्या चामड्यातल्या टॅनिनने काळे डाग पडतात. वाळवणं सावलीत, पावसाळ्यात पंख्याखाली, नाहीतर बुरशी धरते.

अगदीच नवखे असाल तर आधी चाकूचं म्यान करा. त्यात आकार देण्याची कटकट कमी.