वाचकांचे प्रश्न: ऑइल तापतंय, पण कूलर लहान आहे म्हणूनच का?

प्रश्न : आमच्या गॅरेजला एका हौशी मालकांची 1986 ची पोर्श 911 टर्बो (3.3 लिटर) येते. टर्बो मोठा बसवलाय, बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) कंपनीच्या 0.8 बारवरून 1 बार केलाय. पुणे हायवेला मोहोळपर्यंत ऑइल 100-105 अंशांवर राहतं, पण मे महिन्यात सात रस्त्याच्या गर्दीत अडकलं की काटा 125 च्या पुढे जातो. मालक म्हणतात, बंपरमध्ये दुसरा मोठा कूलर टाका. कसा टाकावा? एमआयडीसीत जेसीबीचे होज बनवून मिळतात, ते चालतील का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : टाका, पण लगेच नको. कूलर लहान असता तर काटा हायवेला, बूस्टवर असताना चढला असता. तुमचा सिग्नलला चढतोय, म्हणजे कमी पडतेय ती हवा. कंपनीचा कूलर उजव्या पुढच्या मडगार्डच्या आत असतो आणि गाडी उभी राहिली की त्यातून वारा जात नाही. अशा वेळी बंपरमध्ये बिनपंख्याचा दुसरा कूलर लावला, तर तोही सिग्नलला नुसता बसून राहील.

सगळ्यात आधी काटा खरं बोलतोय का बघा. सेंडर, म्हणजे ऑइलचं तापमान मोजणारा सेन्सर, काढून उकळत्या पाण्यात धरा आणि त्याच्या अंगाला वायरने अर्थिंग द्या, नाहीतर काटा हलणारच नाही. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी 98-99 अंशांना उकळतं. काटा 110 दाखवत असेल, तर निम्मं दुखणं तिथेच सापडलं.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे ऑइल तापल्यावर पुढच्या कूलरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. ऑइल 95-100 ला आलं की उजव्या दाराखालून पुढे जाणारे पाइप गरम लागायला हवेत. ते गार असतील तर थर्मोस्टॅट अडकलाय आणि पुढचा कूलर कामालाच लागलेला नाही. पाइप गरम असतील, तर कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या टोकाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनियमवर हे यंत्र फार कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजा. गाडी उभी असताना फरक चार-पाच अंशांचाच आला, तर हवेचा संशय पक्का.

इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेचं रबरही तपासा. हे इंजिन हवेवर गार होतं. रबर फाटलं की सायलेन्सरकडची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा इंजिनावर ढकलतो. पट्टा सैल असेल तर पंखाही मंद. पुष्कळ गाड्यांत हे रबर कुणीतरी काढून टाकलेलं असतं आणि पुढे महागडे कूलर लागत राहतात! बूस्ट वाढवल्यावर मिक्सचर तपासलंय का, हेही मालकांना विचारा. 1 बारला पेट्रोल कमी पडत असेल, तर ते दुखणं कूलरने बरं होत नाही आणि पिस्टन जातो.

एवढं झाल्यावर आहे त्या कूलरला पंखा लावा. 8-10 अँपिअर घेणारा पंखा पुरतो. त्याला रिले, 20 अँपिअरचा फ्यूज आणि 2.5 चौरस मिमीची वायर द्या. थर्मोस्विच कूलरकडे जाणाऱ्या ऑइलवर ठेवा, 105 च्या आसपास चालू आणि 95 ला बंद होणारा. कूलरच्या चारी कडांच्या फटी पत्रा आणि फोमने बुजवा, नाहीतर हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते. पंखा फिरतो त्याच दिशेने धावत्या गाडीचा वाराही जायला हवा. कागदाचा कपटा धरून खात्री करा.

दुसरा कूलर लागलाच, तर बंपरच्या मधोमध, पहिल्याला सिरीजमध्ये जोडा. समांतर जोडले तर ज्या कूलरला अडथळा कमी त्यातूनच जास्त ऑइल पळतं. सिरीजमध्ये दाब थोडा जास्त पडतो, म्हणून कुठेही वाट अरुंद करू नका. होज आतून पाऊण इंची, म्हणजे 12 नंबरचा, घ्या आणि काटकोनी फिटिंगऐवजी मोठ्या वळणाची वापरा.

जेसीबीचा होज नको. दाबाची अडचण नाही, इथे लागतो त्याच्या कितीतरी पट दाब तो सोसतो. पण साधा हायड्रॉलिक होज कायम 100 अंशांपर्यंतचाच असतो आणि तुमचं ऑइल 125 ला जातंय. रबर आतून कडक होऊन तुकडे सुटले, तर ते ऑइलबरोबर पुढे जातात. पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराचा, स्टीलच्या विणीचा होज घ्या. टोकं हायड्रॉलिकवाल्याकडून प्रेस करून घ्यायला हरकत नाही, फक्त फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची कडी) त्याच होजची हवी. पाऊण इंची बीएसपी आणि 12 नंबर जेआयसी या आट्यांच्या दोन वेगळ्या मापांच्या बाहेरच्या व्यासात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो, पण इंचाला आटे 14 आणि 12 आणि आतला कोनही वेगळा. सुरुवातीचा एखादा आटा फिरतो, मग पान्याने ओढलं की दोन्ही खराब. आटे गेजनेच मोजा.

30 मिमी आट्यांचे जुने नट सहज सुटत नाहीत. दोन पाने लावा, एकाने धरा, दुसऱ्याने फिरवा. एकाच पान्याने जोर दिला तर पितळी पाइप पिळतो किंवा कूलरचं तोंड तडकतं. हीट गननेही नट हलला नाही, तर हॅक्सॉच्या पात्याने तो उभा कापा आणि आट्यांच्या जरा अलीकडे थांबून छिन्नीने उघडा. गॅसची ज्योत ऑइलच्या पाइपाजवळ अजिबात नको.

ऑइल किती वाढेल? पाऊण इंची होजच्या दर मीटरला सुमारे 280 मिली, शिवाय कूलरचं वेगळं. म्हणजे मूळच्या साधारण 13 लिटरवर दोनेक लिटर धरा. पण सगळं एकदम ओतू नका. फ्युएल पंपाचा रिले काढून, स्पार्क बंद ठेवून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारत ऑइलचा दाब येऊ द्या. मग इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम उतरते, तेव्हा पाव-पाव लिटर घाला. पातळी सपाट जागी, गरम इंजिन आयडलवर असतानाच बघायची. थंड इंजिनात डिपस्टिक बघून भरलं तर ऑइल जास्त होतं, ब्रीदरमधून इनटेकमध्ये जातं आणि निळा धूर निघतो.

बंपरमधल्या कूलरपुढे पाच-सहा मिमीची जाळी हवीच. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीमागून एकदा गेलात तरी फिन्समध्ये पाचटाचे धागे आणि धूळ भरते. मागच्या बाजूने, हलक्या पाण्याने धुवा. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशरने फिन्स आडवे होतात.

प्रश्न : टर्बो किट लावलेल्या जुन्या जिप्सीला ऑइल कूलर बसवतोय. सोलापुरात थंडी ती कितीशी, मग थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट (इंजिन आणि ऑइल फिल्टरच्या मध्ये बसते ती) कशाला?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : घ्याच. डिसेंबरच्या सकाळी थर्मोस्टॅट नसलेलं ऑइल 80 च्या वर यायला फार वेळ घेतं, त्यातलं पाणी उडत नाही आणि झाकणाखाली पांढरट साय धरते. साधारण 80 ला उघडणारी प्लेट बघा. फिल्टरचे आटे मोजल्याशिवाय प्लेट मागवू नका, कारण 20 मिमी आणि पाऊण इंची असे दोन्ही प्रकार बाजारात आहेत.

प्रश्न : मोठा कूलर लावल्यावर गाडी लगेच बंद केली तर चालते का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : नाही. इंजिन बंद झालं की ऑइल थांबतं, मग कूलर कितीही मोठा असो. टर्बोच्या बेअरिंगमध्ये राहिलेलं ऑइल तिथेच जळून कार्बन होतो. फक्त ऑइलवर गार होणाऱ्या जुन्या टर्बोत हा धोका जास्त. शेवटचे दोन-तीन किलोमीटर बूस्ट न घेता चालवा, मग मिनिटभर आयडल पुरतं.