मैदानाचं तळं आणि महापालिकेचा निधी

प्रश्न : आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल मैदानात पावसाळाभर पाणी साचतं. दुरुस्तीचा खर्च महापालिकेनं करावा की मंडळानं वर्गणी काढावी? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा. जागा महापालिकेची असेल आणि पेठेतल्या कुठल्याही पोराला तिथं खेळता येत असेल, तर निधी जरूर मागा. फाटकाला कुलूप लावून फक्त सभासदांना सोडणार असाल, तर वर्गणीच काढा; करदात्यानं तो भार का उचलावा?

मागणी मात्र नेमकी हवी. निधी आला की कंपाउंड, पेव्हर आणि नावाची कमान आधी होते, चिखल तसाच राहतो! काळ्या मातीत पाणी मुरत नाही, वर नुसता मुरूम ओतला तर दोन पावसांत खाली दबतो. मैदानाला मध्यातून दोन्ही कडांना १०० ला १ उतार द्या, म्हणजे ६० मीटर रुंदीला मध्य ३० सेंटिमीटर उंच. कडेनं ६० सेंटिमीटर खोल चर, त्यात १०० मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप, भोवती जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड) आणि २० मिलिमीटर खडी. पाइप जिथं सोडणार त्या गटाराचा तळ आधी पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीनं तपासा. तो पाइपाच्या तोंडापेक्षा वर असला तर गटाराचंच पाणी मैदानात येतं. मुरूम ओलसर असतानाच, ७५ मिलिमीटरच्या थरांनी रोलर फिरवा. चर वर्षातून एकदा कोण साफ करणार, हे करारात लिहून घ्या.