सोलापूर महापालिकेच्या सभेत बसायला आणि कागद मागायला पत्रकार असावं लागतं का?

नाही, लागत नाही. तुमचं म्हणणं असं की तुम्ही छोटं यूट्यूब चॅनल चालवता, अधिस्वीकृती कार्ड (सरकार पत्रकारांना देतं ते ओळखपत्र) नाही, आणि तुमच्या पेठेतल्या रस्त्याच्या कामाचा छडा लावायचा आहे. मी सोलापुरात बरीच वर्षं महापालिकेची बातमीदारी केली आहे, म्हणून ठामपणे सांगतो. पत्रकाराला आपल्या राज्यघटनेत वेगळा हक्कच दिलेला नाही. कलम १९(१)(क) मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य तुम्हाला आहे तेवढंच संपादकालाही आहे. इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवत. त्यांचा लिहायचा हक्क कुठल्या सरकारी कार्डावरून आलेला नव्हता.

सभेचं आधी सांगतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूचीत सभेचं कामकाज कसं चालवायचं याचे नियम आहेत. सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा असेल तर हजर नगरसेवकांच्या बहुमताने तसा ठराव व्हावा लागतो. गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला आहे, त्यामुळे गॅलरीत शांत बसा. बसायचा हक्क आहे म्हणून कॅमेरा लावायचाही हक्क आहे असं मात्र धरून चालू नका. चित्रीकरणासाठी नगरसचिवांकडे आधी लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. त्याच वेळी विषयपत्रिकाही मागा. ती न वाचता गेलात तर 'विषय क्रमांक अमुक, मंजूर' एवढंच ऐकून घरी याल. स्थायी समितीची गोष्ट वेगळी. तिथे प्रेक्षक म्हणून बसता येईल असं समजू नका, तिचे ठराव आणि इतिवृत्त (सभेच्या कामकाजाची लेखी नोंद) नंतर मागून घ्या.

तुमचा रस्ता कोणत्या साली झाला तेही आधी बघा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत महापालिकेवर प्रशासक, म्हणजे सरकारने नेमलेले अधिकारी होते. त्या काळात सभागृहात चर्चाच नव्हती, प्रशासकच ठराव करायचे. म्हणजे त्या वर्षांतल्या कामावर कोण काय बोललं याची नोंद शोधून उपयोग नाही. प्रशासकीय ठराव आणि त्यामागची टिपणी, एवढाच माग उरतो. मला विचाराल तर सोलापुरातल्या नव्या पत्रकारांनी आज सगळ्यात आधी हीच कपाटं उघडायला हवीत.

आता माहितीचा अधिकार. इथे बहुतेकांचा अर्ज एकाच कारणाने वाया जातो. 'रस्ता सहा महिन्यांत का उखडला?' असं विचारलं की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर येतं, आणि ते अगदीच चूक नसतं. नोंदीत जे आहे तेवढंच द्यायचं, नवा खुलासा तयार करून द्यायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून कागद नावानिशी मागा: कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अदा केलेली देयकं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल आणि दोषदायित्व कालावधीची (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, तिची) अट. यातली मोजमाप पुस्तिका सोडू नका. कनिष्ठ अभियंत्याने किती लांबी, किती जाडी मोजली ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती पानं हातात घेऊन रस्त्यावर उभे राहिलात की तुमची बातमी तयार आहे. 'का उखडला' याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

राज्याच्या नियमानुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही. झेरॉक्सला पानामागे २ रुपये पडतात. पण शेकडो पानांचा खर्च भरण्याआधी फाइल प्रत्यक्ष बघून घ्या, अवलोकनाचा हक्क याच कायद्यात आहे. शिवाय २०१८ च्या शासन परिपत्रकाने महापालिका, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायची सोय करायला सांगितलं आहे. आधी फाइल चाळा, हवी ती पानं वहीत टिपा, मग तेवढ्याच प्रती मागा.

एक बदल ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहिती नाकारण्याबाबतचं कलम ८(१)(ञ) बदललं आहे. आधी व्यापक जनहिताची कसोटी त्या कलमातच होती. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं कारण दाखवून नकार देणं सोपं झालंय, आणि मला हा बदल घातक वाटतो. तरी कलम ८(२) शाबूत आहे: जनहित जड ठरत असेल तर माहिती देता येते. अर्जातच त्याचा उल्लेख करा, आणि कुणाचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता नको असेल तर तो भाग झाकून द्यावा असं कलम १० चा आधार घेऊन स्वतःच लिहा. नकाराचं एक निमित्त तेवढं कमी होतं.

बदनामीच्या खटल्याचं भय वाटत असेल तर सार्वजनिक नोंद जशी आहे तशी दाखवा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालाने अशा नोंदींवर आधारलेल्या प्रसिद्धीला मोठं संरक्षण दिलं आहे. मात्र 'अमक्याने पैसे खाल्ले' हे वाक्य मोजमाप पुस्तिकेत नसतं, ते तुमचं असतं, आणि त्याची जबाबदारीही तुमचीच. ठेकेदार आणि अभियंता दोघांना लेखी विचारा, त्यांचं म्हणणं त्याच व्हिडिओत घ्या.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड करू शकतो. पण आयोगाकडे तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून अपील दाखल करून नुसतं थांबू नका. मधल्या काळात सोमवारी जाऊन फाइल बघा, आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला हाच प्रश्न सभागृहात लेखी विचारायला सांगा. त्याचं उत्तर इतिवृत्तात येतं, आणि इतिवृत्ताची प्रत पुन्हा तुम्हीच मागू शकता.