नॅनो-सिल्व्हर लावूनही जखम का भरत नाही?

प्रश्न (महाल): बाबांना शुगर आहे. तळपायाची जखम तीन महिन्यांपासून तशीच. नॅनो-सिल्व्हरचं, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं ड्रेसिंग सलाईनने भिजवून लावतो. दोन पाकिटं संपली, फरक नाही.

उत्तर: सलाईन आधी थांबवा. त्यात ०.९ टक्के मीठ असतं. मिठातलं क्लोराइड सुटलेल्या चांदीला धरतं आणि न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. जंतूंपर्यंत पोचायला चांदी फारशी उरत नाही. औषधाच्या दुकानात इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्याच्या १० मिलीच्या अँप्यूल मिळतात, त्या आणा. ड्रेसिंग जखमेच्या मापाने कापा, भिजवा, जास्तीचं पाणी निथळू द्या, मग ठेवा. खाली व्हॅसलीन किंवा मलम नको. मे महिन्यात ४५ अंशांत, त्यातून कूलरच्या झोतासमोर पाय असेल तर ड्रेसिंग लवकर वाळतं. वाळलेल्या ड्रेसिंगमधून चांदी सुटत नाही आणि ते मांसाला चिकटतं. रोज बघा, वरून ओलं करा. ओढून काढू नका.

पण त्याहून मोठी गोष्ट: बाबा त्याच पायावर चालतात का? तळपायावरचा भार काढला नाही, तर कुठलंही ड्रेसिंग हरतं. भार उतरवणारं प्लास्टर किंवा बूट आणि पायातला रक्तपुरवठा, या दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचाराच.

प्रश्न (नंदनवन): पस नाही, ताप नाही, स्वॅबमध्येही (जखमेवर कापसाची काडी फिरवून केलेल्या तपासणीत) जंतू नाहीत. मग जखम का अडते?

उत्तर: जुन्या जखमेतले जंतू बरेचदा चिकट थरात दडून बसतात. हा बायोफिल्म. वरवर फिरवलेल्या स्वॅबला तो सापडेलच असं नाही. जखम साफ करून खालच्या मांसाचा तुकडा तपासणीला दिला तर रिपोर्ट जास्त भरवशाचा येतो.

नॅनो कण इथे कामाचे का, तर पृष्ठभागामुळे. १ सेंटिमीटर बाजूच्या चांदीच्या घनाला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच १० नॅनोमीटरचे घन केले तर ६०० चौरस मीटर, म्हणजे दीड हजार चौरस फुटांचे चार प्लॉट भरून उरतील एवढा. त्यामुळे चांदीचे आयन, म्हणजे जंतू मारणारे विद्युतभारित कण, भरपूर सुटतात. तरीही जाड थरातून ते नीट आत शिरत नाहीत. म्हणून आधी डॉक्टरांकडून मेलेलं मांस आणि कडेचा घट्टा खरवडून घ्यायचा आणि लगेच ड्रेसिंग लावायचं. थर दोन-तीन दिवसांत पुन्हा जमू लागतो, त्यामुळे एकदाच खरवडून भागत नाही.

प्रश्न (धरमपेठ): किती दिवस लावायचं? आईंच्या जखमेभोवतीची कातडी काळपट झाली, भीती वाटते.

उत्तर: दोन आठवडे लावून बघा. लागण कमी झाली तर साध्या ड्रेसिंगवर या. फरकच नसेल तर निदान पुन्हा तपासून घ्या. चांदी जंतू मारते, मांस वाढवत नाही. मधुमेही पायासाठीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही केवळ जखम भरावी म्हणून असं ड्रेसिंग वापरू नका, असंच सांगतात.

कातडीवरचा राखाडी डाग बहुधा चांदीचाच असतो आणि हळूहळू जातो. बोट गार किंवा काळं पडलं, लाली कडेपासून २ सेंटिमीटरच्या पुढे सरकली, ताप किंवा दुर्गंधी आली, तर मात्र त्याच दिवशी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

प्रश्न (गोधनी): नॅनो-सिल्व्हरचं पाणी पिऊन जखम लवकर भरते का?

उत्तर: नाही. पिऊ नका. चांदी शरीरात साठून कातडी कायमची निळसर-राखाडी होऊ शकते.