एचआयव्हीच्या गोळ्या चालू असताना सोबत काढा किंवा होमिओपॅथीची औषधे घेतली तर चालतील का?

तुम्ही लिहिले आहे, की वर्षभर एआरटी (एचआयव्हीवरच्या गोळ्यांचा उपचार) चालू आहे, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, आता तपासणीत सापडत नाही, घरची मंडळी प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा आणि होमिओपॅथीच्या गोळ्या घेण्याचा आग्रह करत आहेत आणि डॉक्टरांना विचारले तर ते रागावतील अशी धास्ती वाटते. मी औषधनिर्माता आहे आणि एआरटीच्या गोळ्या देणे हेच माझे काम असल्याने हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो.

एआरटी सोडून दुसरे काही घेण्याचा विचार असेल, तर त्यावर चर्चेला जागाच नाही. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो; शिवाय २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) चांगले आहेत म्हणून उपचार मध्येच थांबवलेल्या गटात गंभीर आजार आणि मृत्यू अधिक आढळले.

जोडीने घेण्याचा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे, आणि तिथे ‘वनस्पतीचे आहे, अपाय कशाने होणार’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण ज्या वनस्पतीचा शरीरावर परिणाम होतो तिचा तो यकृतावरही होऊ शकतो आणि एचआयव्हीच्या अनेक औषधांचे विघटन यकृतातच होते. उदासीनतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इंडिनाविर या औषधाची रक्तातील पातळी निम्म्याहून खाली गेल्याचे २००० साली दिसून आले. लसणाच्या कॅप्सूलमुळे सॅक्विनाविरची पातळी जवळजवळ निम्मी झाली होती. भाजीतल्या लसणाला मात्र त्यासाठी कोणी घाबरू नये. ही दोन्ही औषधे आता फारशी वापरात नाहीत, पण सेंट जॉन्स वर्ट आजच्या बऱ्याच औषधांबरोबरही वर्ज्यच आहे. पातळी घसरली तरी त्या दिवशी काहीच जाणवत नाही. विषाणू हळूहळू औषधाला दाद देईनासा होतो आणि ते कळते पुढच्या तपासणीत.

तुमच्या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर असेल, तर कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्तावरची मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेली औषधे अधिक महत्त्वाची, कारण ही खनिजे पोटातच त्या औषधाला बांधून ठेवतात. ‘ताकदीची साधी पावडर आहे’ असे सांगून डबा पुढे केला जातो आणि मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत पहिलेच नाव कॅल्शियम कार्बोनेटचे निघते. अशा वेळी डोल्युटेग्रॅव्हिर आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावे लागते. कॅल्शियम किंवा लोह जेवणासोबत एकाच वेळी घेतलेले चालते, आम्लपित्ताच्या त्या औषधांना मात्र ही सवलत नाही. धातूंची भस्मे असलेली औषधे मी तरी टाळायला सांगेन, विशेषतः टेनोफोविर हे एचआयव्हीचे औषध चालू असल्यास, कारण मूत्रपिंडावर आधीच त्या औषधाचा भार असतो. घटक न छापलेल्या पुड्यांबद्दलही माझे हेच मत आहे. अशा काही औषधांत न सांगता मिसळलेले स्टिरॉइड सापडलेले आहे आणि रिटोनाविर या एचआयव्हीच्या औषधासोबत ते शरीरात साचत जाते.

होमिओपॅथीच्या अतिशय विरल गोळ्यांत औषधद्रव्य जवळजवळ नसतेच, म्हणून त्यांच्याकडून एआरटीला धोका नाही आणि विषाणूलाही नाही. मदर टिंक्चर हा मात्र वनस्पतीचा खरा अर्क असतो, त्याला वरचेच नियम लावावेत. योग, ध्यान, मालिश यांनी ताण आणि झोपेच्या तक्रारी कमी होत असतील तर जरूर करावेत.

‘अमुक काढ्याने सीडी४ वाढले’ या सांगोवांगीचे म्हणाल, तर सीडी४ चा आकडा दिवसागणिकही खालीवर होतो, आणि उपचाराविना अनेकांची पहिली काही वर्षे लक्षणांशिवाय जातात. त्या काळात जे घेतले जाते त्याला श्रेय मिळते. जीवनसत्त्वांचा मोठा डोस तरी निरुपद्रवी असेल असे वाटते, पण टांझानियात एआरटी सुरू करणाऱ्यांना तसा डोस दिला तेव्हा फायदा दिसला नाही, उलट यकृताचे एक विकर वाढल्याने ती चाचणी लवकर थांबवावी लागली.

डॉक्टरांना ‘घेऊ का’ असे विचारण्याऐवजी डबा किंवा लेबलाचा फोटो पुढे ठेवून ‘माझ्या गोळ्यांबरोबर यातले काय चालणार नाही’ असे विचारा. तरीही संकोच वाटला, तर गोळ्या जिथे मिळतात तिथल्या औषधनिर्मात्याला तेच लेबल दाखवा आणि उत्तर मिळेपर्यंत काढा सुरू करू नका.