१९६४चा शास्ता ट्रेलर, टायटल नाही, मागे फरशी मऊ: घ्यावा का?

तुमची पोस्ट वाचली आणि नवऱ्याला हाक मारली, म्हटलं बघ, आपलंच प्रकरण दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतंय. १९६४चा सोळा फुटी शास्ता, म्हणजे गाडीमागे ओढायचा राहायचा ट्रेलर, पाठीवरचे शोभेचे दोन्ही पंख शाबूत, न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर वीसेक वर्षं उभा. मालक वारलेले, मुलगी ४५०० डॉलर मागतेय, टायटल, म्हणजे सरकारी मालकीपत्र, ‘बहुतेक हरवलं’ म्हणतेय. मागच्या डाव्या कोपऱ्यात पाय दिला की फरशी दबते. तुम्ही पेनसिल्व्हेनियात आणि दारात गाडी टोयोटा सिएना. एवढं सगळं सांगून तुमचे पाचही प्रश्न फरशीचे! खाली उत्तरं देणारेही प्लायवुड अर्धा इंची की पाऊण इंची यावर भांडतायत.

फरशी बदलता येते हो. कागद बदलता येत नाही.

आधीच सांगते, मी वकील नाही, एजंट नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आणि तो बदलतोही, त्यामुळे मी लिहिलेलं शेवटचं प्रमाण मानू नका. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे, कारण तिच्यावरून मी बरीच भांडले आहे: न्यूयॉर्क राज्य १९७२ किंवा त्याआधीच्या मॉडेलला टायटल देतच नाही. तिथे त्या काळच्या गाडीचं ‘ट्रान्स्फरेबल रजिस्ट्रेशन’ हाच मालकीचा कागद असतो. विकणारा त्यावरच्या हस्तांतराच्या रकान्यात सही करतो आणि ते रजिस्ट्रेशन व बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची पावती, तुमच्या हातात देतो. म्हणजे त्या मुलीचं टायटल हरवलेलं नाही, ते कधी नव्हतंच. तिला टायटल शोधायला सांगाल तर ती बिचारी माळा उपसत बसेल. वडिलांचं जुनं रजिस्ट्रेशन शोधायला सांगा.

आणि ते सापडलं तरी दुसरा प्रश्न आहेच. वडिलांच्या नावावरची वस्तू मुलगी विकू शकते, हे कागदावर कुठे आहे? तिकडे हे काम सरोगेट्स कोर्टाकडे असतं. छोट्या मिळकतींसाठी सोपी प्रक्रिया आहे, पण ती तिने करायची आहे, तुम्ही नाही, आणि पैसे देण्याआधी करायची आहे. ‘नंतर पाठवते’ म्हणाली तर गोड बोलून परत या. माणसं वाईट नसतात, पण ट्रेलर अंगणातून गेला की त्यांचं काम संपलेलं असतं.

आता माझी कथा. राज्याचं आणि कचेरीचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमचा ट्रेलर चौदा फुटी, साठच्या दशकातला, न्यूयॉर्कमधूनच आणलेला. आमच्याकडे ट्रान्स्फरेबल रजिस्ट्रेशन होतं, सही होती, बिल ऑफ सेल होतं, आणि मी घेण्याआधी आमच्या राज्याच्या वाहन-नोंदणी कचेरीला फोन करून विचारलंही होतं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, चालेल. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, टायटल आणा. मी म्हटलं, न्यूयॉर्क देत नाही. ते म्हणाले, प्रत्येक गाडीला टायटल असतं. मी न्यूयॉर्कच्याच सरकारी पानाची छापील प्रत पुढे सरकवली, तर ती न वाचता परत: ‘हा आमचा फॉर्म नाही.’

पुढच्या वेळी वेगळी खिडकी. तिथे टायटलचा मुद्दा नव्हताच, तिथे संगणकाला वाहनाच्या ओळख-नंबरात १७ अक्षर-आकडे हवे होते. १७ अक्षरांचा ठरावीक नंबर १९८१च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने अनुक्रमांक ठोकायची, आणि आमच्या लोखंडावर जेमतेम सात आकडे होते. त्या बाईंनी सुचवलं, पुढे शून्यं लावू. लावली. त्यापुढच्या खेपेला तिसऱ्या माणसाने तोच अर्ज परत केला, का तर अर्जावर शून्यं आहेत आणि रजिस्ट्रेशनवर नाहीत! मग म्हणे अधिकाऱ्याकडून नंबराची तपासणी करून आणा. ती केली. तपासणीच्या कागदाला मुदत, आणि कचेरीची पुढची अपॉइंटमेंट त्या मुदतीनंतरची. आजोबांच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला माझ्या काकांनी तालुक्याला घातलेल्या चकरा मी लहानपणी पाहिल्या आहेत. तिथे निदान तलाठी तोच असायचा.

यातली खरी गोम मला फार उशिरा कळली. खिडकीवरून परत केलेला अर्ज त्यांच्या लेखी अर्जच नसतो. नोंद नाही, फाइल नाही, नकाराचं कारण कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे दर वेळी समोरचा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो आणि आधीच्याने काय सांगितलं होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून माझा आता ठाम सल्ला: ‘नाही’ म्हणाले तर वाद घालू नका. ‘कुठल्या नियमाखाली नाही, ते लिहून द्या’ एवढंच शांतपणे मागा. निम्म्या वेळा ते लिहून देण्याऐवजी आत जाऊन कुणाला तरी विचारून येतात.

फी फुटकळ होती. नुकसान झालं ते वेगळंच. नंबरप्लेट नाही म्हणून ट्रेलर रस्त्यावर काढता येईना. आमच्या सोसायटीच्या असोसिएशनची नोटीस आली, की बिनप्लेटचं वाहन ड्राइव्हवेत चालणार नाही. बंदिस्त गोदामवाल्याला विमा हवा, विमावाल्याला रजिस्ट्रेशन हवं. आणि आम्ही तर छताचा पत्रा उचलून कामाला लागलो होतो, कारण फोनवर ‘चालेल’ ऐकलं होतं. शेवटी ओळखीच्या एका शेतावर ताडपत्रीखाली ठेवला. हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने ताडपत्री मधोमध खोल गेली, वितळलेलं पाणी तिथे साठलं आणि वाट काढत आत उतरलं. आतलं बर्चचं मूळ छत, मधासारख्या रंगाचं, जे साठ वर्षं टिकलं होतं, ते एका हिवाळ्यात काळं पडलं. पुढच्या गोलाईच्या फासळ्याही गेल्या. आधीचं कुजलेलं लाकूड बदलायला जेवढा खर्च आला, त्याहून जास्त खर्च हे चांगलं लाकूड बदलायला आला. हे लिहितानाही माझा रक्तदाब वाढतोय.

सुटलं कसं? राजधानीतल्या मुख्य कचेरीला सगळ्या कागदांच्या प्रती जोडून एकच प्रश्न विचारला: परराज्यातलं ट्रान्स्फरेबल रजिस्ट्रेशन तुम्ही मालकीचा पुरावा म्हणून घेता की नाही? सविस्तर कर्मकहाणी लिहिली नाही, हे महत्त्वाचं. दोन ओळींचं उत्तर आलं: घेतो. ते पत्र घेऊन मी शहरातल्या मोठ्या शाखेत न जाता शेतीच्या गावातल्या छोट्या शाखेत गेले. तिथल्या आजीबाईंनी आयुष्यभर गवताच्या ट्रेलरांचीच कामं केलेली. १९८१ आधीच्या नंबरासाठी संगणकात वेगळी खिडकी आहे हे त्यांना माहीत होतं. चहा निवायच्या आत प्लेट हातात!

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा कोपऱ्यातल्या फरशीआधी पुढच्या त्रिकोणी सांगाड्याकडे जा, ज्याला टंग म्हणतात. बऱ्याच जुन्या ट्रेलरांचा नंबर तिथल्या लोखंडात ठोकलेला असतो, बहुधा रंगाच्या चार थरांखाली. दाराजवळ छोटी पट्टीही असू शकते. कृपा करून ग्राइंडर लावू नका. गंजाबरोबर आकडेही जातील, आणि नंबर खरवडलेला ट्रेलर म्हणजे बऱ्याच ठिकाणी गुन्ह्याची बाब. रंग काढायचं रसायन आणि साधा ब्रश वापरा, वर खडू घासा, टॉर्च तिरपा धरून फोटो काढा. तो आकडा रजिस्ट्रेशनवरच्या आकड्याशी एकेक अक्षर लावून बघा. इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत टाइपरायटरच्या काळापासून चालत आलेली आहे. जुळत नसेल तर मी तरी एक डॉलरही देणार नाही.

उलटही एक फसगत असते. शास्ता कंपनीने २०१५ साली आपल्या १९६१च्या एअरफ्लाइट मॉडेलची तशीच दिसणारी नवी आवृत्ती काढली होती, १९४१ नग. ती वाईट नाही, पण ‘१९६१चा’ म्हणून कुणी दाखवला आणि नंबर १७ अक्षरांचा निघाला तर समजून जा.

कागद अजिबातच नसेल तर काही राज्यांत बाँडवर टायटल मिळतं. ट्रेलरच्या किमतीच्या दीडपट-दुप्पट रकमेचा हमीबाँड, काही वर्षं कुणी हक्क सांगितला नाही की मोकळे. हप्ता त्या रकमेचा छोटा हिस्सा असतो. काही राज्यं त्याऐवजी कोर्टाचा आदेश मागतात. तुमच्या राज्याचं तुम्ही विचारा, लेखी. आणि ‘व्हरमाँटमधून टपालाने रजिस्ट्रेशन करून घ्या’ हा सल्ला अजून फिरतोय. पूर्वी पंधरा वर्षांवरच्या वाहनांना ते चालायचं, २०२३मध्ये बाहेरच्यांसाठी तो रस्ता जवळजवळ बंद झाला. जुने व्हिडिओ बघून पैसे पाठवू नका.

बरं, फरशी. हे एअरस्ट्रीम ट्रेलरांच्या सांगाड्यासारखं अ‍ॅल्युमिनियमचं प्रकरण नव्हे. शास्ताचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, पत्रा नुसता वरून मारलेला. मागच्या कोपऱ्यात फरशी मऊ म्हणजे पाणी वरून आलंय: कोपऱ्याच्या मोल्डिंगमधून, म्हणजे पत्र्याचा सांधा झाकणाऱ्या पट्टीतून, मागच्या खिडकीतून नाहीतर वरच्या लाल दिव्यांच्या स्क्रूंतून. ते भिंतीच्या आतून उतरत उतरत शेवटी फरशीत पोचतं. तुम्हाला फरशी दिसतेय तेव्हा वरची भिंत आधीच गेलेली असणार. टोचा घेऊन जा, खिडकीखाली, बिछान्याच्या कप्प्यात, कपाटाच्या मागे टोचून बघा. नुसती फरशी बदलणारे लोक दोन वर्षांत पुन्हा तेच प्रश्न विचारायला येतात. पत्रा काढून जुन्या पट्ट्या कितीही कुजल्या असल्या तरी फेकू नका, नव्या कापायला त्याच साचा असतात.

आणि सिलिकॉन! यावर मी कुणाचं ऐकणार नाही. मोल्डिंगखाली ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावायची. सिलिकॉन वरून गुळगुळीत दिसतं, आत पाणी कोंडतं, आणि एकदा लागलं की त्यावर पुढे रंग बसत नाही की दुसरं काही चिकटत नाही. आधीच्या मालकाने फासलेलं सिलिकॉन खरवडण्यात माझी नखं गेली आहेत.

गॅसची जुनी रबरी नळी आणि रेग्युलेटर विचार न करता नवे घ्या, पाइपांची दाबचाचणी जाणकाराकडून करा, मूळ हीटर पेटवून बघायचा मोह टाळा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवशी लावा. जमिनीवर जुन्या नऊ इंची टाइल्स असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तपासल्याशिवाय फोडू नका.

सिएनाला ३५०० पाउंड ओढायची क्षमता सांगतात, आणि रिकामा शास्ता त्यात बसावा. पण त्या हिशेबात तुमची चौघं, सामान आणि पाण्याची टाकीही धरा. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, यायला हवा. विकणाऱ्याने सांगितलेलं वजन सोडून द्या, ट्रक स्टॉपवर काटा असतो. पहिल्यांदा घरी आणताना मात्र तो सिएनाने आणूच नका. वीस वर्षं उभ्या ट्रेलरचे टायर वरून चांगले दिसतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. तीनच आकडे दिसले तर टायर २०००च्या आधीचा. बेअरिंगमधलं ग्रीसही दगड झालेलं असेल. सपाट ट्रकवर चढवून आणा, चार पैसे वाचवायला हायवेवर चाक निसटायला नको.

जाता जाता: काही खाजगी कॅम्पग्राउंड दहा वर्षांवरचे ट्रेलर घेत नाहीत, पण फोटो पाठवला की जुन्या देखण्या ट्रेलरला बऱ्याचदा होकार मिळतो. विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा, म्हणजे आधीच ठरवलेल्या किमतीचा, घ्या, नाहीतर नुकसान झाल्यावर तो तुमच्या मेहनतीला १९६४च्या भंगाराचा भाव लावतो. आणि फोडणी बाहेरच्या शेगडीवर. बर्चच्या लाकडात मुरलेला हिंग जात नाही, अनुभव आहे.

किमतीबद्दल माझं मत विचारलंत तर: कागद जुळला, कोर्टाचं झालं, तरी मऊ कोपऱ्यासकट ४५०० जास्त आहेत, मी तीन हजारांपासून बोलणं सुरू करीन. कागद नसेल तर पंख, दारं, खिडक्या यांच्या सुट्या भागांची जी किंमत होईल तेवढीच. शनिवारी निघण्याआधी मुलीला फोन करून विचारा, सापडलेलं रजिस्ट्रेशन वडिलांच्या नावावर आहे की त्यांनी ज्याच्याकडून घेतला त्याच्या. दुसरं उत्तर आलं, तर पेट्रोल जाळू नका.