तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसण्याची तयारी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं डी अँझा या कम्युनिटी कॉलेजातलं या वर्षीचं वेळापत्रक आणि तिथून यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, तिसऱ्या वर्षात ट्रान्सफर होण्याच्या अर्जातल्या चार प्रश्नांची उत्तरं, दोन्ही सावकाश वाचली. आधी वेळापत्रकाबद्दल लिहिते. उत्तरं नोव्हेंबरअखेरपर्यंत कितीही वेळा नव्याने लिहिता येतील. क्वार्टर, म्हणजे फॉल-विंटर-स्प्रिंगमधलं एकेक सत्र, एकदा हातचा गेला की गेला.

हायस्कूलमधून येणाऱ्या मुलांचे अर्ज वाचताना विद्यापीठ अंदाज बांधत असतं, हे मूल पुढे कुठवर जाईल याचा. ट्रान्सफरच्या अर्जात तुमचं कॉलेजातलं काम समोरच असतं. वाचणाऱ्याला ठरवायचं असतं ते एवढंच, की ही मुलगी उद्या आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात येऊन बसली तर तिला झेपेल का. बर्कलीला सिव्हिलच्या वरच्या वर्गात फ्लुइड मेकॅनिक्स सुरू झालं, की कुणी थांबून तुला मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस समजावणार नाही. तुझा अर्ज अजून हायस्कूलच्या मुलीचा वाटतो. स्वप्न पानभर आहे आणि तयारी शेवटच्या ओळीत. तुझी तयारी चांगली आहे हे मला माहीत आहे, म्हणून तर हे जास्त टोचलं.

आता वेळापत्रक. या फॉलला तू जनरल एज्युकेशनचे, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचे, तीन विषय घेतले आहेस, फिजिक्सच्या मालिकेतलं ४बी विंटरला ढकललं आहेस आणि ४सी स्प्रिंगला. आधी सोप्या विषयांनी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वर आणायचा आणि मग अवघड विषयांना हात घालायचा, हा तुझा हिशेब मला कळतो. पण अर्जाच्या तारखा त्याला साथ देत नाहीत. नोव्हेंबरअखेर अर्ज जातो तेव्हा फॉलचे ग्रेड लागलेले नसतात. ते जानेवारीत ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट नावाच्या फॉर्मवर भरायचे, ३१ जानेवारीच्या आत. निर्णय एप्रिलअखेरपर्यंत येतात. म्हणजे तुझ्याबद्दल ठरवणाऱ्या माणसाला तुझे जे शेवटचे ग्रेड दिसणार, ते सहसा या फॉलचेच. विंटर आणि स्प्रिंगचे विषय नुसते 'घेणार आहे' म्हणून दिसतील. तुझ्या ट्रान्सक्रिप्टवर ४बी समोर डब्ल्यू आहे, म्हणजे विषय मध्येच सोडल्याची नोंद. जानेवारीत त्याच ४बीचा ए तिथे आला तर वाचणाऱ्याची शंका फिटते. त्याऐवजी आर्ट हिस्टरीतला ए आला, तर शंका आहे तिथेच राहते.

दुसरी गोष्ट साखळीची. ४ए झाल्याशिवाय ४बी नाही आणि ४बी झाल्याशिवाय ४सी नाही. विंटरला वर्ग भरला किंवा वेळ जुळली नाही, तर ४सी उन्हाळ्यात जाईल, आणि फॉलच्या प्रवेशासाठी लागणारे विषय तर त्याआधीच्या स्प्रिंगपर्यंत संपायला हवेत. म्हणून आत्ता ४बी घे, विंटरला ४सी आणि लिनिअर अल्जिब्रा घे, आणि स्प्रिंगमध्ये थोडी जागा राखून ठेव. काही अडलं तर सावरायला एक क्वार्टर हाताशी राहील. जनरल एज्युकेशनचे उरलेले विषय तिथे बसतील. इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स आणि ९० क्वार्टर युनिट्स याला पर्याय नाही, ते हवेतच. पण अख्खं कॅल-जीईटीसी, म्हणजे जनरल एज्युकेशनची ठरलेली यादी, पुरं करण्याच्या नादात मेजरचा, म्हणजे सिव्हिलला लागणारा, विषय मागे पडू देऊ नकोस. इंजिनिअरिंगच्या अर्जात मेजरची तयारी आधी पाहिली जाते. हे मी इथे गणित शिकवताना पाहिलेल्या मुलांवरून सांगते आहे: ज्यांचे मेजरचे विषय वेळेत झाले होते, त्यांना जनरल एज्युकेशनमधली उणीव सहसा नडली नाही.

असिस्ट डॉट ऑर्गवर, म्हणजे कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कशाच्या जागी धरला जातो ते सांगणाऱ्या साइटवर, तू फक्त बर्कलीचा करार पाहिलास असं दिसतं. एका बाजूला डी अँझा ठेवून बर्कली, यूसीएलए, डेव्हिस आणि अर्वाइन या चौघांचे सिव्हिलचे करार वेगवेगळे उघड आणि एका कागदावर शेजारी शेजारी मांड. गणित आणि फिजिक्स सगळीकडे येईल. स्टॅटिक्स, केमिस्ट्री किती लागते, प्रोग्रॅमिंग कोणतं चालतं, यात फरक सापडतील. जिथे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' लिहिलेलं असेल तिथे तुझ्या कॉलेजातला कुठलाच विषय त्याच्या जागी धरला जात नाही, तिथे तू काही करू शकत नाहीस. पण समोर कॉलेजातला विषय दिलेला असूनही तो तुझ्या यादीत नसला, तर त्याचं कारण तुझ्याकडे असायला हवं. चारही रकान्यांत येणारे विषय आधी, तीन रकान्यांतले नंतर. काउन्सेलरकडे जाताना हा कागद घेऊन जा. त्यांच्याकडे अर्धा तास असतो. रिकाम्या हाताने गेलीस तर तो सगळा तक्ता शोधण्यातच जाईल.

टॅगची, म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटीची, मुदत फक्त सप्टेंबरभर असते, हे विसरू नकोस. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात. हमी एकाच कॅम्पसची घेता येते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, आणि सहा कॅम्पसवरही प्रत्येक मेजरला ती लागू नसते. तुझ्या बाबतीत डेव्हिसच्या अटी नीट तपासून घे. टॅग घेतल्याने बर्कलीचा अर्ज कमकुवत होतो असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलेलं दिसतंय. तसं काही होत नाही. दोन्ही करता येतं, दोन्ही करावं.

आता उत्तरं. चारपैकी तीन प्रश्न तू निवडतेस, पण एक सगळ्या ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचा आहे: निवडलेल्या मेजरसाठी तू काय तयारी केलीस, आणि वरच्या वर्गातले विषय पेलायला तू तयार आहेस हे कशावरून? मर्यादा ३५० शब्दांची. त्यातला बहुतेक भाग तू सांगलीच्या पुराला दिला आहेस. ऑगस्ट २०१९, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, आजोबा-आजी शेजाऱ्यांच्या गच्चीवर, आणि इकडे सनीव्हेलमध्ये तुझे बाबा रात्रभर फोन धरून बसलेले. वाचताना माझ्याही पोटात कालवलं. पण हे वाचून तू पूर पाहून हादरलीस एवढंच कळतं. हादरलेली माणसं सांगली-कोल्हापुरात लाखांनी होती.

पूर ठेव, पण दोन-तीन वाक्यांत. मग पुढे जा, तू जिथे एका ओळीत घाईने उरकलं आहेस तिथे: 'डिफरन्शियल इक्वेशन्सच्या वर्गात मी धरणावर एक प्रकल्प केला.' अगं, हेच तर उत्तर आहे! साठ्यात होणारा बदल म्हणजे येणारं पाणी वजा सोडलेलं पाणी, या एका समीकरणावरून तू दरवाजे काही तास आधी उघडले तर खालच्या पुलापाशी पाणी किती कमी चढेल, हे काढायला निघालीस. सोडलेलं पाणी त्याच क्षणी खाली पोचतं असं तू आधी धरलंस, त्यामुळे तुझा पूर खऱ्या पुराच्या कितीतरी आधी येऊन बसला. मग तू वाटेत लागणारा वेळ हिशेबात घेतलास, आणि आलेख खऱ्या नोंदींच्या जवळ आला. अजूनही नदीचं पात्र रुंदावतं, पाणी शेतात पसरतं, उपनद्या येऊन मिळतात, ते सगळं तुझ्या समीकरणाबाहेर आहे, आणि ते शिकायला तुला हायड्रॉलिक्स आणि हायड्रॉलॉजी हवं आहे. हे तू मला फोनवर किती छान सांगितलं होतंस! तसंच लिही. कुठे चुकलं, कशावरून कळलं, काय बदललं, आणि कुठे येऊन थांबावं लागलं. हे वाचून समोरच्याला कळेल की ही मुलगी आमच्या वर्गात येऊन काय मागणार आहे.

भाषा साधी ठेव. पहिल्या परिच्छेदातलं 'पाण्याने मला हाक मारली' काढून टाक. ही उत्तरं वाचणारी माणसं एका दिवसात असे ढीगभर अर्ज वाचतात. त्यांना सुंदर वाक्य नको असतं, तू काय केलंस ते हवं असतं.

डब्ल्यूबद्दल तू कुठेच काही लिहिलेलं नाहीस. लपवलं तर वाचणारा स्वतःच कारण ठरवेल. स्प्रिंगमध्ये बाबांची नोकरी गेली, एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे नवीन नोकरी शोधायला ६० दिवस होते, घरात सामान बांधायची की थांबायची अशी अवस्था होती, आणि धाकट्याला शाळेत नेण्या-आणण्यापासून सगळं तुझ्यावर आलं. दोन अवघड विषयांपैकी एकच पेलेल हे ओळखून तू गणित ठेवलंस आणि फिजिक्स सोडलंस. गणितात ए आला. हे अतिरिक्त माहितीच्या चौकटीत चार वाक्यांत लिही. दया मागायची नाही, घडलं ते सांगायचं. शेवटचं वाक्य: ४बी या फॉलला पुन्हा घेतलं आहे. म्हणून म्हणते, ते याच फॉलला घे.

आणि घरचं हे काम उपक्रमांच्या यादीतही टाक. तू तिथे फक्त कोयोटी क्रीकची सफाई आणि रोबोटिक्स क्लब लिहिलंस. आठवड्याचे किती तास भावाला आणि घराला दिलेस ते यूसी विचारात घेतं. एच-४वर, म्हणजे बाबांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असल्यामुळे तुला पगाराची नोकरी करता येत नाही, त्यामुळे ती जागा रिकामी दिसते म्हणून तू खट्टू होतेस. रिकामी नाहीये ती.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर, तू तिसऱ्या वर्षात असतानाच २१ची होशील आणि एच-४चा आधार संपेल. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करावा लागला तर फीमध्ये फरक पडू शकतो, आणि तो लहान नसतो. हे ओळखीच्यांना विचारून ठरवू नका. जिथे प्रवेश मिळेल तिथल्या रेसिडेन्सी आणि इंटरनॅशनल स्टुडंट या दोन्ही कार्यालयांना ईमेल करून लेखी उत्तर घे, आणि बाबांच्या वकिलांनाही दाखव. एप्रिलमध्ये निकाल लागला की १ जूनच्या आत होकार कळवायचा असतो. मधला महिना या कामाला पुरतो, पण उगाच दवडला तर नाही पुरत.

खाजगी विद्यापीठांचं थोडक्यात. यूएससी आणि कॉर्नेल ट्रान्सफरची मुलं बऱ्यापैकी घेतात, स्टॅनफर्ड अगदी मोजकी. खाजगी विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात, यूसीच्या अर्जाला लागत नाहीत. तुला लिहून देऊ शकतील असे दोन प्राध्यापक आत्ताच ठरव आणि त्यांच्या ऑफिस अवर्सना जायला लाग, नुसती सही मागायला नव्हे, गणितं घेऊन. सॅन होजे स्टेटचा अर्जही भर. तिथला सिव्हिलचा विभाग चांगला आहे आणि या भागातले कितीतरी इंजिनिअर तिथून निघालेले आहेत. तो अर्ज मनापासून भर.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी लिहिते. मागच्या गणपतीत मंडळात कुणीतरी तुला विचारलं, 'कुठे असतेस गं?' आणि तू 'सध्या डी अँझाला, पण ट्रान्सफर होणार आहे' असं एका श्वासात म्हणून प्रसादाच्या रांगेकडे सटकलीस. तुझ्या आईनेही विषय बदलला. तुझ्या उत्तरांतही तेच डोकावतं. 'जरी मी कम्युनिटी कॉलेजमध्ये असले तरी' हे शब्द तीनदा आले आहेत. तिन्ही काढून टाक. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, तेव्हाच हा रस्ता आखला गेला: पहिली दोन वर्षं जवळच्या कॉलेजात, मग विद्यापीठात. नव्याने येणाऱ्या दर दोन फ्रेशमनमागे, म्हणजे पहिल्या वर्षात येणाऱ्यांमागे, एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा, हे यूसीचं आजही उद्दिष्ट आहे. मानवी जीनोमच्या शर्यतीतला क्रेग व्हेंटर कॉलेज ऑफ सॅन मटेओतून यूसी सॅन डिएगोला गेला होता. तू मागच्या दाराने आत शिरत नाहीयेस. हे दार तुमच्यासाठीच केलेलं आहे, आणि अर्ज वाचणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं. आईला मी स्वतः सांगेन. तिला तुझी लाज वाटत नाही गं, तिला लोकांच्या पुढच्या प्रश्नाची भीती वाटते.

आज रात्रीच नावनोंदणीच्या पानावर जाऊन ४बीचे सगळे सेक्शन बघ. जागा असेल तर एक जनरल एज्युकेशनचा विषय काढून ते घे. भरलं असेल तर वेटलिस्टवर नाव घाल आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस. पहिल्या आठवड्यात मुलं गळतात आणि जागा होतात. चार करारांचा तक्ता घेऊन शनिवारी सकाळी घरी ये, उत्तरांचा नवा मसुदा नसला तरी चालेल.

तुझी,
मावशी